तिखटावर गोड वाईन

रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५, सकाळचे अकरा. स्थळ : दिल्लीच्या मयूर विहारमधील एका सहकारी सोसायटीचा तिसरा मजला.

भाऊसाहेबांना जाऊन नववा दिवस होता. हेमलताबाईंना रडू येत नव्हते, आणि येत नाही याचे वाईटही वाटत नव्हते. समोर खाजगी गुप्तहेर सुधन्वा करमरकर आणि त्यांचा मित्र शशिकांत बसले होते.

"ह्यांना कोलंबीची ॲलर्जी. जिभेला लागली तरी घसा बंद व्हायचा," त्या म्हणाल्या. "मी पुण्याला होते. सुनेने ओव्हनमध्ये कोलंबी भाजली, ह्यांच्यासाठी पनीर. पहिल्याच तुकड्याला ह्यांचा घसा बंद झाला, त्यातच गेले. गुरगावला वेगळं राहायचं म्हणून महिनाभर ती ह्यांच्याशी वाद घालत होती. तिने मारलं का, एवढंच सांगा. मारलं असेल तर मी पोलिसांत जाते."

सून मृणालला बोलावले, ती दारातच उभी राहिली.

"सर, पनीर पहिले भाजलं, वेगळ्या ट्रेत. कोलंबीला बिल्कुल टच नाही."

"मसाला?" सुधन्वांनी विचारले.

"दोन्हीला सेम. लसूण, लिंबू, आणि आईंच्या बरणीतली ज्वाला मिरची, तीन चमचे. त्या तिखटावर जाईल म्हणून तर गोडसर वाईन आणली."

"मसाल्याला काही वेगळा वास?"

"किचनमध्ये कोलंबीच होती, सर. वास तर होताच."

"शाळा कुठली तुमची?"

"मुनिरक्यात वाढले. मराठी घरी बोलायचो, वाचायला हिंदीच."

मग मुलगा चिन्मय आला.

"जोडी जमलीच नाही, काका. तिखट कुठे होतं? नुसतं खारट. वर ती वाईन, म्हणजे सरबतच. आदल्या दिवशीच आणून फ्रीजमध्ये ठेवली होती हिने, एवढ्या हौसेने. बाबा म्हणाले, पनीर काय समुद्रात बुडवलंस, मृणाल? दुसरा तुकडा त्यांनी उचललाच नाही."

सुधन्वा हेमलताबाईंकडे वळले. "मसाल्याच्या फळीवर काय काय असतं?"

"हळद, धणे, मेतकूट, चिन्मयपुरता वाटलेला जवळा. चिठ्ठ्या मीच लिहिते."

"म्हणजे घरात ज्वाला नाहीच!" शशिकांत उसळला. "सून खोटं बोलते, यार. ही गोष्ट तिने मागाहून रचली."

"मागाहून रचली, तर वाईन आदल्या दिवशी गोड कशी आली?" सुधन्वा शांतपणे म्हणाले. "बरणीत काय आहे हे जिला ठाऊक, ती तिखटाची तयारी करणार नाही. हिने केली. तीन चमचे ज्वाला पडूनही पदार्थ तिखट न होता खारट झाला, कारण ती मिरची नव्हतीच. त्या फळीवर खारट असं एकच आहे : जवळ्याची चटणी. बारीक वाटलेली, लाल. चिठ्ठीवर फक्त 'जवळा'. हिंदीला सरावलेल्या डोळ्यांनी ळ चा ल केला, 'जवला' वाचलं, आणि तिच्या लेखी ती ज्वाला झाली."

"जवळा म्हणजे काय?" मृणालने विचारले.

हेमलताबाईच म्हणाल्या, "कोलंबीचीच जात. बारीक. सुकवलेली."

मृणाल भिंतीला टेकत खाली बसली. हेमलताबाई तिच्याकडे पाहत राहिल्या, परक्या घरातले काही पाहावे तशा.

"पोलिसांत जायचं नाही," त्या म्हणाल्या. "तिने मारलं नाही."