पोटाखालचा हात

हरिहरपंतांना चार-दोन गोष्टींची भीती वाटे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. कुत्र्यांना ते भीत, कारण कुत्री अंगावर येतात. मुन्सफसाहेबांना भीत, कारण तेही येतात. कल्याणच्या कोर्टातला कारकून माणूस. प्रत्येक भीतीचा निकाल पुरावा पाहून लावायचा, हा त्यांचा शिरस्ता. सन चोपन्नच्या उन्हाळ्यात त्यांनी पाण्याची भीती मोडायला काढली.

त्याला कारण होतं. होळीच्या सुमारास शहाडला उल्हास नदीवर त्यांची नऊ वर्षांची शुभदा पायरीवरून घसरून पाण्यात गेली आणि पंत काठावर खुंटासारखे उभे राहिले. धुणं धुणाऱ्या कुणा बाईनं पोरीला वेणीला धरून ओढून काढलं. तेव्हापासून पंतांना धड झोप नव्हती.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली. शेजारचे विश्राम गुप्ते पट्टीचे पोहणारे. शहाडच्या अलीकडे त्यांच्या ओळखीच्या एका वाडीत पायऱ्यांची जुनी विहीर होती. विश्रामनी पंतांच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले, कमरेला दोर घातला आणि टोक धरून स्वतः वर उभे राहिले.

"मारा हातपाय! मी आहे ना!"

पाणी हिरवं, गार. शेवाळाचा वास येणारं. पंतांनी गटांगळी खाल्ली, जीव घाबराघुबरा झाला. मग पोटाखाली एक हात आला. पाची बोटं पसरलेला, भक्कम. त्यानं त्यांना अलगद तोलून धरलं. विश्राम उतरले वाटतं, असं म्हणून पंत निर्धास्तपणे पाय मारू लागले.

बाहेर येऊन पाहतात तो विश्रामचं धोतर कोरडं.

"पोटाखाली हात कुणी लावला हो?"

"भोपळे उचलतात ना, तसं वाटतं. नव्या माणसाला होतं असं."

पुढे भोपळे सुटले. हात सुटला नाही.

पंतांनी रीतसर विचार केला. पाण्याच्या भीतीपायी पोर जाता जाता राहिली होती. ती मोडणं भागच होतं. पण या हातानं काय बिघडवलं? उलट सांभाळलंच. तक्रार नाही, नुकसान नाही. मग ही भीतीसुद्धा खारीज. आपल्या या निकालावर ते फार खूश होते. विश्रामना त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

घरी पत्नी सुमतीबाई कुरकुरल्या, "अहो, तुमचा सदरा पोटावर सारखा ओला कसा?"

"घाम."

"मग पाठ कशी कोरडी?"

पंतांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

सुट्टी संपायच्या आत ते शुभदाला विहिरीवर घेऊन गेले. पाठीला भोपळे, कमरेला दोर, दोर विश्रामच्या हातात. पंत शेवटच्या पायरीवर पंचा घेऊन उभे राहिले. पोरीनं उडी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि लगेच ती खिदळायला लागली.

"अण्णा, हात काढू नका हं!"

हे ती पंतांकडे बघून म्हणाली नव्हती. खाली पाण्याकडे बघून म्हणाली होती.

पंतांचे दोन्ही हात पंच्यात होते.

"विश्राम, ओढा! ओढा तिला!"

दोर ताणला गेला. पोर जागची हलेना. विश्रामनी पाय रोवून पुन्हा हिसका दिला, तशी ती पायरीला लागली. हसतच होती.

कोरडा फ्रॉक घालून ती घरी निघाली. भर ऊन होतं. पंतांच्या एका हातात भोपळे होते, दुसऱ्या हातात तिची बोटं. रेल्वे फाटकापाशी ती थबकली, अंग चोरून हसली.

"अण्णा, आता काढा ना हात. गुदगुल्या होतात."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. कोरड्या फ्रॉकवर, पोटापाशी, पंजाएवढी ओल होती. बोटं मोजता आली असती.

ही भीती मोडायची नव्हती, हे त्यांना आता कळलं.

त्यांनी पोरीची बोटं घट्ट धरली आणि भराभर चालू लागले. स्वतःच्या सदऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पोटाला गार लागत होतं.