जांभळ्या खड्यातून निसटलेला उजेड

खड्याखाली बोट धरलं तर ते वरून स्पष्ट दिसत होतं, अगदी नखासकट. इतका गर्द जांभळा स्फटिक! त्याला पैलू पाडले, चकचकीत केला, तरी मधोमध तो साध्या काचेसारखा निस्तेज का दिसावा?

मंगळावरच्या आमच्या घुमटवस्तीत तेव्हा जेमतेम चाळीस घरं होती. कुणाकडे काय शिजलंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. आमच्या सुलभाआजीने पृथ्वीवरून येताना हा एकच दगड आणला होता. जळगावकडच्या तिच्या माहेरच्या मळ्यात विहीर खणताना तो काळ्या कातळाच्या पोकळीत सापडला होता. पुढे मळा धरणाखाली गेला. आजी दगड डबीत ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

शेवटी पंच्याहत्तरीला तिने तो घाशाकडे दिला. घाशा म्हणजे दुर्बिणींची भिंगं घासणारा आमचा यंत्रमानव. नाव अर्थातच मी ठेवलेलं. आजीने त्याला बजावलं होतं, "एक कणही वाया घालवू नकोस."

"आज्ञा पाळली," घाशा ऐटीत म्हणाला. "दगड चपटा होता, म्हणून खालचे पैलूही चपटेच ठेवले."

आजीचा चेहरा पडला. आजोबा प्रकाशशास्त्रज्ञ. त्यांनी खडा निरखला.

"सुलभा, खालचे पैलू जास्त उतरते करावे लागतील. खडा जवळजवळ निम्मा होईल."

"निम्मा? अहो, मळ्यातलं एवढंच उरलंय माझ्याकडे!"

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय..."

"म्हणी नका सांगू. कारण सांगा."

आजोबांनी काचेच्या टाकीत पाणी भरलं, झोत दिसावा म्हणून त्यात दुधाची चिमूटभर भुकटी टाकली आणि पाण्यात चालणारी विजेरी बुडवली. झोत सरळ वर धरला तेव्हा छतावर ठिपका पडला. विजेरी हळूहळू तिरकी केली, तशी एका क्षणी ठिपका नाहीसा झाला. झोत पाण्याच्या पृष्ठभागावरून आरशावरून परतावा तसा खाली वळला होता.

"बाहेर का नाही गेला?" मी विचारलं.

"ठरावीक कोनापेक्षा तिरका आला की प्रकाशाला बाहेर पडता येत नाही. तो क्रांतिक कोन (प्रकाश निसटण्याची शेवटची मर्यादा). मग होतं पूर्ण आंतरिक परावर्तन (सगळा प्रकाश आतल्या आत परतणं). स्फटिकासाठी हा कोन साधारण एक्केचाळीस अंशांचा. पैलू जितका उतरता, तितका वरचा उजेड त्यावर तिरका पडतो. घाशाने पैलू तीस अंशांवरच ठेवले, म्हणून वरून आलेला उजेड तळातून निसटतो. त्रेचाळीसवर ठेवले तर तो एका पैलूवरून समोरच्या पैलूवर आपटेल आणि तिथून पुन्हा वर येईल, थेट आपल्या डोळ्यांत."

आजीने विजेरी स्वतःच्या हातात घेतली. सरळ धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ.

"घास रे," ती शेवटी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आधी खरबरीत चकती, मग बारीक, मग चकाकी आणणारी भुकटी. प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे जाऊन त्यांहून बारीक ओरखडे उरत, आणि अखेर डोळ्यांना दिसेनासे होत. चकतीवरून पांढुरका गाळ ओघळत होता.

खडा वाटाण्याएवढा झाला. आजीने तो खिडकीशी नेला, जरा हलवला, आणि जांभळ्या ठिणग्या तिच्या सगळ्या चेहऱ्यावर उडाल्या. माझ्या तोंडून आनंदाची किंकाळीच फुटली. ती ऐकून शेजारची पोरं धावत आली. पृथ्वी न पाहिलेली सगळी पोरं दाराबाहेर रांग लावून उभी राहिली, आणि आजी एकेकाच्या तळहातावर खडा ठेवू लागली.

"आजी, निम्मा गेला. वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं गं, खूप वाटतं. पण इतकी वर्षं त्याच्याकडे मी एकटीच बघत होते. जा, पुढच्या पोराला आत पाठव."