बंद पंपाचा ठोका

पंपघरातला फिटर त्या संध्याकाळी अगदी साध्या कामाला गेला होता. टाक्या धुण्यासाठी पाणी बंद होतं, पंप थंड पडले होते आणि मधल्या पंपाला नवीन बेअरिंग बसवलं होतं. ते हाताने फिरवून एकदा ऐकायचं, कुलूप लावायचं आणि घर गाठायचं, एवढंच.

खरं तर त्याला जायचंच नव्हतं. बंद पंपघर म्हणजे शांतता, आणि शांततेला तो वर्षभर टरकून होता. जरा शांत झालं की उजव्या कानात सुरू व्हायचं... धप्... धप्... धप्. स्वतःच्याच काळजाचा ठोका.

तसा गडी भित्रा नव्हे. विजेच्या तारांशी तो मेहुण्याशी करावी तशी थट्टा करायचा. पण यंत्र बिघडायच्या आधी आवाज करतं, हे फिटरच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. आणि या शहाण्याने तेच स्वतःला लावलं. नवीन आवाज आला, म्हणजे आत काहीतरी झिजलं. एक दिवस झोपेत खटकन बंद पडणार आणि बायको एकटी मागे राहणार! तेव्हापासून जेवताना, बसमध्ये, बोलता बोलता, सारखी दोन बोटं मनगटावर. झोप उडाली, गालफडं बसली.

कानाच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. सगळ्या तपासण्या करून त्यांनी सांगितलं, "हृदय ठणठणीत आहे. कानाजवळच्या रक्तवाहिनीचा आवाज तुम्हाला ऐकू येतो, इतकंच. तुमची भीती खोटी नाही, पण नाडी मोजून ती वाढतेच. मोजू नका. झोपताना पंखा चालू ठेवा. आवाज बदलला किंवा चक्कर आली, तर सरळ माझ्याकडे या."

बायकोने तर त्या आवाजाला नावच ठेवलं. पाहुणा.

"आज काय म्हणतोय पाहुणा?"

"बडबडतोय."

"बडबडू दे. चहा मिळणार नाही म्हणावं त्याला."

तो हसायचा, आणि तेवढ्यापुरतं ओझं हलकं व्हायचं. ती बिचारी मात्र त्याचा डोळा लागेपर्यंत जागी राहायची, त्याला कळू न देता.

पंपघरात उजेड उतरत चालला होता. ओल्या लोखंडाचा आणि ग्रीसचा वास दाटला होता. कुठल्याशा नळातून पाणी ठिबकत होतं, तेही थांबलं, आणि कानात पाहुणा बोलू लागला. फिटरने तिकडे दुर्लक्ष केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याने बेअरिंगवर टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावली. सगळे फिटर असंच ऐकतात. दुसऱ्या हाताने तो पंपाचा दांडा हळूहळू फिरवू लागला. बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. त्याच्या आतून मात्र येत होतं... धप्... धप्...

'तुझंच काळीज आहे रे, गाढवा,' त्याने स्वतःला समजावलं. दांडा सोडला, स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला.

कान रिकामा होता.

वर्षभरात पहिल्यांदा तिथे काही म्हणजे काही नव्हतं. तो श्वास रोखून उभा राहिला. मग त्याने मूठ पुन्हा कानामागे टेकवली. वीज बंद, दांडा स्थिर, आणि त्या थंडगार लोखंडाच्या पोटात कुणीतरी सावकाश, न थकता... धप्... धप्... धप्...

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर भीतीच्या पाठोपाठ आनंदही आला. गेला ना एकदाचा! कसा गेला, कुठे गेला, विचारतो कोण? कुलूप लावून तो जवळजवळ धावतच घरी आला.

"अगं, पाहुणा गेला!"

पंपाचं त्याने काही सांगितलं नाही. ती भांडी लावत होती, ती तिथेच मटकन खाली बसली. हसता हसता रडली.

"पंखा बंद करू?" तिने डोळे पुसत विचारलं.

"कर की!"

कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत शांतता आली. दोघं पलंगावर आडवी झाली. तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. तो छताकडे बघत समाधानाने हसत होता.

थोड्या वेळाने तिने डोकं किंचित सरकवलं. मग आणखी थोडं. मग पार उजवीकडे.

"काय गं?"

"काही नाही... बोलू नका जरा."

 तिचा कान शर्टावर घट्ट दाबलेला होता.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय की," ती म्हणाली. जरा लवकरच म्हणाली. "तुम्हाला... बरं वाटतंय ना? दम, चक्कर?"

"छान वाटतंय." आणि ते खरं होतं.

"सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येऊ. उगाच... सांगायला." तिने त्याचा तळवा ओढून स्वतःच्या छातीवर दाबून धरला. तिची बोटं गार पडली होती. "तोवर हे आहे ना... दोघांना पुरेल."

त्याच्या तळव्याखाली तिचं काळीज घाबरंघुबरं होऊन धडधडत होतं. आणि त्याच्या मागे, किंचित उशिराने, दुसरा एक ठोका पडत होता. सावकाश, न थकता. वर्षभर कानात ऐकलेला, संध्याकाळी पंपात सोडून आलेला तो ठोका त्याने लगेच ओळखला.

हात उचलला तर पाहुणा आणखी कुठे जाईल, या भीतीने त्याने हात तिथेच ठेवला.