हिरव्याच्या कडेची खाच

या, जरा जवळ सरकून बसा. देवानं जग पाहायला डोळे दिले, पण ओळखायला बोटंही दिली... त्या बोटांचीच आजची गोष्ट.

एक होती खेळ रचणारी. लाकडी चौकोनी तुकडे मांडायचे, रंगाला रंग भिडवत आपली वाट पुढं न्यायची, समोरच्याची अडवायची — असा तिचा खेळ. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती. भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवायला आलेला घड्याळजी शिडीवरूनच म्हणाला, "कोपरा मोकळा सोडलात... आता अडकलात!"

"एवढं कळतं, तर उतरा खाली."

उतरला. आणि जिंकला. घड्याळ दुरुस्त झालं तरी दर शनिवारी येत राहिला, जिंकत राहिला. तुकडा ठेवण्याआधी त्याच्या कडेवरून अंगठा हळूच फिरवायचा... का बरं? तिची नजर त्या अंगठ्यावरून हलेना.

एका सोमवारी खेळाचा नमुना कारखान्यात जायचा होता. तिच्या सुतार बाबांनी नवा संच केला, आरशासारखा गुळगुळीत. आदल्या शनिवारी त्या संचावर घड्याळजी ओळीनं पाच डाव हरला.

"मुद्दाम हरताय? अशानं माझा खेळ बरा की वाईट, मला कसं कळायचं?"

त्यानं मान खाली घातली. "मला लाल न् हिरवा... सारखेच दिसतात. जुन्या हिरव्यांची कड खरखरीत होती, त्यावर निभावलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर खेळायला बोलावलं असतंत?"

ती तडक बाबांकडे. "जुन्या हिरव्याची फळी ओली होती गं," बाबा ओशाळले. "रंधा नीट चालला नाही. चूक झाली."

"तीच चूक पुन्हा करा, बाबा! पण मोजून."

"असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही," बाबा मिशीत हसले. "गिऱ्हाईक नक्की तूच ना?"

रविवारी दिवसभर बाप-लेक हिरव्याला एक खाच, लालला दोन खाचा पाडत बसले. संध्याकाळी तिनं घड्याळजीला बोलावलं; तो डोळे मिटून खेळला — आणि जिंकला! नमुना पक्का झाला. मग तिनं त्याच्या तळहातावर आणखी एक तुकडा ठेवला. एका कडेला एक खाच, दुसऱ्या कडेला दोन.

"हा कुणाचा?"

"दोघांचा. कुठंही बसतो... फक्त एकट्यानं ठेवायचा नाही."

"मग धर की दुसरी कड."

तिनं धरली. तुकडा ठेवून झाला, तरी बोटं काही सुटेनात.

"एरवी शनिवारीच का येतोस रे? इतर वारांनी काय घोडं मारलंय?"

"घड्याळ बंद पडलं, तर रोज येईन."

"मग आजपासून त्याला किल्लीच देत नाही!"

तर मंडळी, हा खेळ कधी मांडलात आणि हिरव्याच्या कडेची खाच बोटाला लागली, तर त्या सुताराची आठवण ठेवा. ओल्या फळीवर त्याचा रंधा अडखळला, म्हणून दोन जिवांची वाट जुळली.