थेंबाचा ताव

दारातच आमची टक्कर झाली. माझ्या हातातली लगद्याची बादली हिंदकळली आणि त्यांच्या सदऱ्यावर सांडली.

"अगं बाई! सॉरी हं... दिसलंच नाही."

"असू दे. कागद तपासायला आलो होतो, स्वतःच कागद झालो," ते हसले.

म्हणजे हेच नवे तपासनीस! मेले मी!

हातकागदाच्या कारखान्यात मी शिकाऊ उमेदवार होते. हौदातून जाळीची चौकट उचलायची, लगदा सारखा पसरू द्यायचा, पाणी निथळवायचं. पण कागदाच्या ओल्या तावावर हातावरून एक थेंब जरी ठिबकला, तरी तिथं पातळ गोल डाग उरतो. तो ताव बाद! आणि ते शेजारी येऊन उभे राहिले, की माझे हात असे थरथरायचे... महिनाभर हेच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मालकांनी बजावलं, "आज दहा ताव बिघडले, तर उद्यापासून येऊ नकोस." आईनं किती जणांच्या हातापाया पडून मला इथं चिकटवलं होतं. घरी काय तोंड दाखवणार होते मी?

दुपारपर्यंत नऊ बिघडले. तेवढ्यात ते आलेच!

"जरा लांब उभे राहा ना!" मी फिस्कारले.

"एवढा ताव?"

"दिवसभर ताव काढते, एखादा चढणारच की!"

ते हसले, मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मी जेवायला गेलो, की तुमचा एकही ताव बिघडत नाही. इतकी भीती वाटते माझी?"

मी चौकट पुन्हा हौदात बुडवली.

"मालकांना सांगून आलोय, चूक तुमच्या हाताची नाही, माझ्या इथं उभं राहण्याची आहे. तुमची नोकरी पक्की. मी उद्यापासून दुसऱ्या गावच्या गोदामात."

नोकरी वाचली होती. उड्या मारायला हव्या होत्या, पण मी हातातली चौकट खाली ठेवली. उद्या ते दिसणार नाहीत... परवाही नाहीत! ते वळले, दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"अहो, थांबा!" मी ओरडलेच. "भीती वाटते... पण तुमची नाही."

"मग?"

"तुमच्याकडे बघताना कुणी मला बघेल... त्याची."

वाळत घातलेल्या तावांआडून एकेक डोकं बाहेर आलं.

"आता तर सगळेच बघताहेत," ते पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बघू देत," मी म्हणाले. "तुम्ही जाऊ नका."