डॅश सात

जानेवारीतल्या एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर तीन वॉकीटॉकींचा तक्ता मांडून बसले होते. बारामतीत मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे तक्ते मांडायची खोड जात नाही. डावीकडे किंमत, वजन, बॅटरी किती तास, पाणी लागलं तर टिकतो का. वर तिन्ही सेटची नावं. ती नावं इथे लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता.

सेट आबांसाठी हवा होता. आबा म्हणजे माझे वडील, साहेबराव, वय सत्त्याहत्तर. तीस वर्षं ते शेळगावच्या बाजूला कॅनॉलवर पाटकरी होते. पाळीप्रमाणे पाणी सोडायचं आणि अगदी टेलच्या, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत ते पोचतंय का, ते बघत बांधाबांधानं चालायचं. आमच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी. आता आई गेली हे त्यांच्या लक्षात नाही, बारामतीचं घर आपलं आहे हे लक्षात नाही, कधीकधी मीही लक्षात नसते. कॅनॉल मात्र पक्का होता.

"टेलला पानी पोचलं न्हाय," म्हणायचे आणि निघायचे. पंच्याहत्तरीनंतर एस.टी. फुकट, त्यामुळे तिकिटासाठीही कुणी अडवत नाही. तीनदा गेले. दोनदा शेळगावच्या गेणबांनी, त्यांच्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्यानं, एस.टी.त बसवून परत आणून सोडलं. तिसऱ्यांदा गेणबा गावाला गेले होते. आबा अंधार पडल्यावर उसाच्या सरीत सापडले, ओठ सुकलेले, अंगभर पाचटानं कापलेलं. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

मोबाइल दिला की ते कुणालाही देऊन टाकत. घड्याळ काढून ठेवत. पण उसना आणलेला अँटेनावाला सेट एकदोनदा कमरेला लावला, तेव्हा ताठ उभे राहिले. एका पुराच्या वर्षी साहेबांनी त्यांच्या हाती तसा सेट दिला होता. "सरकारी माल हाय," म्हणायचे, "खाली ठिवता येत न्हाय."

मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा परवाना आहे. अशा काही सेटमधून बोलण्याखेरीज छोटे लेखी निरोपही जातात, त्यांना पॅकेट म्हणतात: मी कोण, कुठे आहे, किती वाजलेत. माझ्या गच्चीवर अँटेना आहे आणि शेळगावच्या पाण्याच्या टाकीवर पॅकेट पुढे ढकलणारी एक पेटी मी परवानगी काढून बसवली आहे. तिकडचं पॅकेट त्या पेटीतून माझ्या लॅपटॉपवर येतं आणि नकाशावर ठिपका उमटतो. परवाना माझा आणि सेट आबांच्या कमरेला, हे नियमात बसत नाही. ते मला ठाऊक होतं आणि मी त्याकडे काणाडोळा केला.

तक्त्यातला पहिला सेट महाग. तो जागा कळवतो आणि आलेला निरोपही दाखवतो. दुसऱ्याची बॅटरी चार तासांत मान टाकते. तिसरा स्वस्त, हलका, दोन दिवस चालणारा, पण तो फक्त पाठवतो, त्याला काही ऐकू येत नाही. माझं मन तिसऱ्याकडे झुकलं होतं. आबा कुठे आहेत एवढं कळलं तरी मला पुरे होतं.

त्याच आठवड्यात, पंधरा जानेवारीला सकाळी आठ वाजता, पहिलं पॅकेट आलं. कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येत होता आणि आबा समोर बसून चहात भाकरी बुडवून खात होते. लॅपटॉपवर माझाच कॉलसाइन उमटला, आणि त्याच्यापुढे डॅश सात.

कॉलसाइन म्हणजे परवान्यावरचं आपलं नाव. एकाच माणसाचे सेट वेगळे ओळखता यावेत म्हणून पुढे आकडा लावतात. गाडीतल्या सेटला नऊ, हातातल्याला सात. माझ्याकडे हातातला सेट नव्हताच. म्हणून तर तो तक्ता मांडला होता.

ठिपका बारामतीच्या एस.टी. स्टँडवर होता. स्टँड आमच्या घरापासून जवळ, तरी सिग्नल अगदी क्षीण, असून नसल्यासारखा. पॅकेट कुठल्या जातीच्या सेटमधून निघालं याची खूण त्याच्या आतच असते. ती खूण तिसऱ्या सेटची होती. वेळ लिहिली होती तेवीस तारीख, सकाळचे नऊ चाळीस.

कॉलेजात कुठलंतरी कार्टं माझी फिरकी घेतंय असं मी धरून चालले. वर्गात विचारलं, दम दिला, लालूचही दाखवली. मुलांचे चेहरे कोरे होते. त्यांना माझा कॉलसाइनही धड माहीत नव्हता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसरं पॅकेट चार दिवसांनी आलं. तेवीस तारीख, दहा वाजून पाच, इंदापूर रस्ता. मग आठवड्यानं एक, मग दोनच दिवसांनी एक. प्रत्येक वेळी तारीख तीच, वेळ थोडी पुढची, ठिपका थोडा पुढचा. फेब्रुवारीत तो एस.टी.तून उतरला आणि माणसाच्या चालीनं शेळगावच्या शिवाराकडे निघाला. पॅकेट यायचं तेव्हा आबा कधी झोपलेले, कधी शेंगा फोडत बसलेले असत. मी लॅपटॉप बघायचे आणि त्यांच्याकडे बघायचे.

त्या पॅकेटात दिवस, तास आणि मिनिट येतं. महिना येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला ठिपका कॅनॉलवरच्या एका दारापाशी पोचला. दुपारी बारा पन्नास. त्यानंतर तो हललाच नाही. एक वीस, तीच जागा. दोन वाजता तीच. दोन चाळीसला तीच. मी गाडी काढून त्या जागी गेले. लोखंडी दार, त्यावर चाक, चाकापर्यंत जायला एक अरुंद फळी. खाली उन्हाळी आवर्तनाचं पाणी गढूळ आणि वेगानं जात होतं. दहा पावलांवर पाटकऱ्याची बंद चौकी आणि बाभळीखाली दगडी ओटा. पॅकेटातली जागा अठरा मीटर इकडेतिकडे असू शकते. ठिपका ओट्यावरचा असेल किंवा दाराशी अडकून तरंगणाऱ्या त्या हलक्या सेटचा. मी पाण्याकडे बघत उभी राहिले, आणि ठिपका का हलत नाही ते मला कळलं असं मला वाटलं.

बुद्धीला न पटणारी गोष्ट एकदा मान्य केली की माणूस तिच्यातही हिशेबीपणा शोधतो. मी तसाच शोधला. ठिपका तिसऱ्या सेटचा आहे. त्या सेटला ऐकू येत नाही. म्हणजे येणाऱ्या कुठल्यातरी तेवीस तारखेला मी बोलावलं तरी आबांना कळणार नाही आणि ते बुडतील. मग तिसरा सेट घरात येताच कामा नये. मी पहिला, महागडा सेट मागवला. सात आकडा नको म्हणून त्याला पाच लावला.

तो आला त्या दिवशी मी आबांना शिकवायला बसले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण तीस वर्षं पाणी मोजायच्या गेजवरचे आकडे वाचलेले डोळे आकडे विसरले नव्हते. मी निरोपात शून्य पाठवलं. सेट किणकिणला.

"आबा, हे आलं म्हणजे काय?"

त्यांनी सेट डोळ्यांजवळ नेला. "कॅनॉल बंद. हुकूम आला." आणि लगेच उठून चपला शोधायला लागले.

मी हसून त्यांना खाली बसवलं. पुढचं मला लहानपणापासून माहीत होतं. कॅनॉल बंद झाला की आबा घरी यायचे, पायाला गाळ, धोतराच्या सोग्यात कुणी दिलेल्या ओल्या शेंगा. शून्य म्हणजे घर. इतकं साधं आपल्याला आधी सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले.

मार्च आणि एप्रिलच्या तेवीस तारखेला मी रजा घेऊन दाराला आतून कुलूप लावून बसले. काही झालं नाही. मे महिन्यात परीक्षा आल्या आणि तेवीसला मला पर्यवेक्षण लागलं. बदली कुणी मिळेना. मी मनाशी म्हटलं, ज्या सेटनं ते व्हायचं होतं तो सेटच नाही, मग भ्यायचं कशाला? आबांच्या कमरेला सेट लावला, शेजारच्या सारजाताईंना घरात बसवलं आणि गेले.

परीक्षेच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. एक वाजता बाहेर येऊन फोन हातात घेतला तर सारजाताईंचे अकरा कॉल पडलेले. त्यांच्या खाली एक अनोळखी नंबर, दोनदा. मी तो सोडून दिला.

"आबा न्हाईत, ताई," सारजाताई रडत होत्या. "झोपल्यात समजून मी कपडे वाळत घालाया गच्चीवर गेले न्हवं. दार उघडंच ऱ्हायलं."

घरी पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. डॅश पाचचा ठिपका त्या दारापाशी होता. बारा पन्नासपासून तिथेच.

ठिपका जिवंत होता. हा सेट जड, तरंगणारा नव्हता; पॅकेट येत होतं म्हणजे तो पाण्याबाहेर होता. गाडीनं तिथे पोचायला पाऊण तास लागला असता. मी खुर्चीवर बसले आणि शून्य पाठवलं.

चार सेकंदांत पोच आली. निरोप त्यांच्या सेटवर उतरला होता. मी टेबलावर डोकं टेकून रडले. सुटले म्हणून रडले.

एक बावीसला पॅकेट आलं. जागेचा शेवटचा आकडा एकानं बदलला होता.

मग आलंच नाही.

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. कॅनॉलवर दहाबारा माणसं जमली होती. दोघे पुढच्या दारापाशी पाण्यात उतरलेले होते. गेणबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या शेजारी रुमालात भाकरी आणि तांब्याभर ताक.

"हितंच बसल्यालं," गेणबा म्हणाले. "म्हनले, हुकूम येऊस्तवर बसतो. मी म्हनलं बसा, भाकर आनतो. छकुलीच्या, नातीच्या फोनवरनं तुमाला लावला हुता, ताई. तुमी उचलला न्हाय."

मी फोन काढून तो अनोळखी नंबर पाहिला.

"चारच्या यष्टीत बसवून देनार हुतो. तवर त्यो डबा वाजला. बघितलं, उठलं, सरळ फळीवर गेलं. मी लांबनं वराडतुया."

"शून्य आलं होतं," मी म्हणाले. "शून्य म्हणजे घरी यायचं."

गेणबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी कीव आली असावी.

"शून्य आलं की आधी चाक फिरवून दार पाडायचं, ताई. मग घर."

लहानपणी मी फक्त घरी येणारे आबा पाहिले होते. त्याआधी ते काय करून येतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते बसून राहिले होते. कुणी बोलावलं नसतं तर चार वाजेपर्यंत बसून राहिले असते. माझ्या शहाणपणानं माझ्या बापाचा जीव घेतला. हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, असं बोलू नये. मग काय बोलावं, ते मात्र कुणी सांगत नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात डॅश सात परत आला.

तेवीस तारीख, दुपारचे तीन पन्नास. ठिपका दारापासून हलला होता. तोंड शेळगावच्या एस.टी. थांब्याकडे.

चार दिवसांनी पुढचं. चार वाजून वीस, इंदापूर रस्ता, एस.टी.चा वेग.

त्या ठिपक्यातल्या आबांना कुणीतरी गाडीत बसवून दिलं होतं. त्यांच्या सेटला माझा निरोप ऐकू आला नव्हता.

मी कॉलेजात जाणं सोडलं आहे. सारजाताई दोन वेळचं आणून ठेवतात. लॅपटॉप बंद करायचा प्रयत्न मी एकदा केला, पण बापाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं. गेल्या सोमवारी ठिपका बारामतीच्या स्टँडवर उतरला. पाच वाजून तीस. काल आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता.

आज सकाळी पॅकेट आलं. तेवीस तारीख, संध्याकाळचे सहा.

या आधीचं प्रत्येक पॅकेट क्षीण होतं, अगदी स्टँडवरचंसुद्धा. या वेळी सिग्नलचा काटा उजव्या टोकाला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. सेट शेजारच्या खोलीत असला तरी काटा इतका जात नाही.