सीटची शेवटची खाच

शिडी गाडीत बसला खरा, पण त्याचे गुडघे स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले आणि हनुवटी छातीत रुतली. छताला डोकं टेकलं होतं. हॉर्न वाजवायला हात लागत नव्हता, कारण हॉर्नवर आधीच गुडघा होता आणि तो वाजतच होता.

"अरे काढ तो गुडघा!" समोरच्या गॅरेजचा मिस्त्री ओरडला.

"कुठे काढू? खिशात ठेवू?"

सहा फूट चार इंचांचा माणूस आणि दोन सीटची, जमिनीला चिकटलेली लाल स्पोर्ट्‌स कार. ती गाडी शिडीच्या बायकोची. तिनं तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या पोचे पडलेल्या गाड्यांत लोकांना क्लच शिकवला आणि निवृत्तीच्या दिवशी ही घेतली. शिडी तिच्यात कधी बसला नाही. बाजूच्या सीटवरही मान मोडली असती. "अहो शिडीराव, जरा खाली या की," ती काचेतून म्हणायची आणि एकटीच फेरी मारून यायची. आख्खा मोहल्ला त्याला शिडी म्हणे, कारण तो पंखे बसवायचा आणि त्याला शिडी लागत नसे. राव तेवढा तिनंच जोडला होता.

आता ती जाऊन तीन महिने झाले होते आणि लेकीला गाडी विकायची होती. "बाबा, दारात उभी राहून गंजतेय. तुम्ही चालवून माझ्या घरी आणून दाखवा, मग ठेवा. रविवारपर्यंत. नाहीतर सोमवारी घ्यायला माणूस येतोय."

चालवायची कशी? सीट पट्टीवरच्या अगदी पुढच्या, शेवटच्या खाचेत अडकून बसलेली. मिस्त्रीनं तेल सोडलं, हातोडा घातला, शिव्या घातल्या. सीट ढिम्म.

"सोमवारपासून तेच करतोय," तो हात पुसत म्हणाला. "तू पाय कापून ये."

"आरसा हलवू नकोस फक्त," शिडी म्हणाला. आरसा तिनं लावलेला होता. त्याच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. शिडीला त्यात मागची काच दिसतच नव्हती, फक्त सीटमागची फळी आणि तिच्यावरची धूळ.

बुधवारी सकाळी तो पुन्हा बसून पाहायला गेला. डोकं छताला लागलं नाही. त्यानं मध्ये बोट घालून पाहिलं. एक बोट जागा होती.

"काय केलंस रे?"

"काही नाही. कंटाळून घरी गेलो."

गुरुवारी दोन बोटं. शुक्रवारी चार, आणि गुडघा हॉर्नवरून उतरला. मिस्त्रीचा विश्वास बसेना. त्यानं टेप आणून छत मोजलं, सीट मोजली, पट्टी मोजली. सगळं सोमवारी पाटीवर लिहिलं होतं तेवढंच.

"गाडी होती तेवढीच आहे," तो चिडून म्हणाला. "तूच नीट बसायला शिकलास. आधी उंटासारखा बसत होतास."

शिडीला ते पटलं. पटवून घेतलं. गाडी राहणार होती, आणखी काय हवं होतं?

शुक्रवारी दुपारी तो एका शाळेत पंखा बसवायला गेला. नेहमीच्या स्टुलावर चढला आणि हात वर केला. हुक हाताच्या वर होता. त्यानं टाचा उचलल्या. तरी वर.

"छत वाढवलंत का?" त्यानं शिपायाला विचारलं.

शिपाई त्याच्याकडे बघत राहिला आणि टेबल घेऊन आला.

शनिवारी पँट चपलेखाली येऊ लागली. धोब्यानं ताणून लांब केली असणार, म्हणून त्यानं धोब्याला चार शब्द सुनावले. धोबी म्हणाला, "कापड आटतं साहेब, वाढत नाही." शिडीनं पँट दुमडली. रागारागानं पुन्हा दुमडली.

रविवारी सकाळी तो गाडीत बसला आणि सगळं जागच्या जागी आलं. पाय पेडलवर, पाठ सीटला, हात स्टीअरिंगवर. त्यानं वर पाहिलं. आरशात मागची काच होती, काचेत रस्ता, रस्त्यावर एक सायकलवाला. आरसा कोणी हलवला नव्हता. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याला घरी आल्यासारखं वाटलं.

लेकीच्या दारात त्यानं हॉर्न दिला. ती धावत आली आणि त्याला मिठी मारली. नेहमी तिचं डोकं त्याच्या छातीवर यायचं. आज तिचा गाल त्याच्या गालाला लागला.

ती मागे सरली. "बाबा," ती म्हणाली, "किती वाळलात तुम्ही." मग गाडी ठेवा म्हणाली.

सोमवारी शिडीचा पाय क्लचपर्यंत पोहोचला नाही. आरशात गाडीचं छत दिसत होतं.

मिस्त्री समोरच्या गॅरेजमधून आला तेव्हा शिडी सीटच्या अगदी कडेला सरकून बसला होता.

"जरा पुढे घे."

"काय?"

"सीट. पुढे घे."

"आठवडाभर मागे घे, मागे घे म्हणून माझं डोकं खाल्लंस!" मिस्त्रीनं हातातला पाना आपटला. "पुढे खाचच नाही. ही शेवटची आहे. बाईंचंही तेच. गाडी आणली तेव्हा सीट मधल्या खाचेवर होती. मग दर महिन्याला, पुढे घे रे, आणखी पुढे घे. सातदा केली मी. शेवटी खाचा संपल्या."

"मला नाही बोलली कधी."

"तू बसत होतास का गाडीत?"

शिडीला स्वयंपाकघरातली फळी आठवली. गेल्या वर्षी ती खाली घ्यायला लावली होती तिनं. दोनदा. "फळी वर सरकतेय का तुझी?" म्हणून तो दुसऱ्यांदा खेकसला होता. ती हसली होती. डॉक्टर म्हणाले होते, वयाबरोबर हाडं बसतात.

"खाचा संपल्यावर काय केलं तिनं?"

"उशा घ्यायच्या. एक पाठीला, मग खाली एक, मग दोन. डिकीत असतील."

डिकी तीन महिन्यांत कोणी उघडली नव्हती. मिस्त्रीनं किल्ली फिरवली. आत उशा एकावर एक नीट रचलेल्या होत्या. ड्रायव्हिंग स्कूलची सवय म्हणून ती प्रत्येक वस्तूवर पेनानं तारीख टाकायची. पहिल्या उशीवर मार्च. दुसरीवर जून. तिसरीवर ती गेली तो आठवडा.

चौथी नवी होती. कोरी, बाकीच्यांपेक्षा जाड. वापरलेली नव्हती.

"ही कोणाची?" मिस्त्रीनं विचारलं.

शिडीनं टाचा उचलून ती ओढून घेतली आणि उलटी केली. तिच्यावर तारीख नव्हती. बायकोच्या ठळक अक्षरात एवढंच लिहिलं होतं, शिडीरावांसाठी.